शॉट, अँगल आणि मूव्हमेंट: रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात दर रविवारी सकाळी आमचा छोटासा वर्ग भरतो. अकरावीतल्या मुलांपासून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत कुणीही येतं, आणि बहुतेकांचा कॅमेरा म्हणजे खिशातला मोबाईल. मी स्वतः घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर आधी कॅमेरा अटेंडंट आणि नंतर असिस्टंट म्हणून बरीच वर्षं काढली. त्यामुळे खालचे शब्द सेटवरचे आहेत, पुस्तकात थोडे वेगळे सापडतील.

समजायला सोपं जावं म्हणून एकच सीन धरून चालू. तलावपाळीच्या बाकावर आजोबा बसलेत. नात येऊन शेजारी बसते आणि म्हणते, "आजोबा, मला बंगळुरूला नोकरी लागली." बस्स, एवढंच.

शॉट, टेक आणि सीन यांत फरक काय?

कॅमेरा सुरू झाल्यापासून कट होईपर्यंतचा सलग तुकडा म्हणजे शॉट. तोच तुकडा पुन्हा घेतला की दुसरा टेक. एका जागी, एका वेळी घडणारे सगळे शॉट मिळून सीन. आजोबा-नातीचा सीन एका शॉटमध्येही होईल आणि अकरा शॉटमध्येही.

लाँग, मिड, क्लोज ही नावं पाठ आहेत. पण कुठे काय लावायचं ते कळत नाही.

नावांचा हिशोब माणसाच्या अंगावर चालतो. डोक्यापासून पायापर्यंत माणूस आणि भोवतीची थोडी जागा म्हणजे लाँग किंवा फुल शॉट. माणूस तलावाच्या काठावर ठिपक्याएवढा दिसला की एक्स्ट्रीम लाँग. कमरेपासून वर मिड, छातीपासून वर मिड क्लोज, खांद्यापासून वर क्लोज, आणि कपाळ थोडं कापून हनुवटीपर्यंत आलात की टाइट क्लोज. मांडीपासून वरच्या शॉटला अमेरिकन शॉटही म्हणतात, कारण वेस्टर्न सिनेमात कमरेचं पिस्तूल दिसणं गरजेचं असायचं. आपल्याकडे त्या उंचीवर फार तर लोकलचा पास लटकत असतो.

कुठे काय लावायचं, यासाठी मी वर्गात एकच प्रश्न विचारतो: हे बघणारा माणूस कुठे उभा आहे? रस्त्याच्या पलीकडून कुणी आजोबांना बघत असेल, तर त्याला एक म्हातारा माणूस, एक बाक, मागे पाणी आणि होड्या दिसतील. हा तुमचा लाँग. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जो बसलाय, त्याला मिड दिसेल. आजोबांचा चष्मा किंचित धुकटलाय हे मात्र फक्त नातीला दिसेल, तो क्लोज. म्हणजे शॉटचा आकार बदलताना तुम्ही प्रेक्षकाला उचलून दुसऱ्या जागी बसवता. त्याला तिथे बसवायचं कारण तुमच्याकडे असेल तर शॉट बरोबर. नसेल तर कितीही सुंदर दिसो, एडिटमध्ये तो उडतो.

फ्रेम सांध्यावर कापू नका, हे मात्र डोळे मिटून पाळा. गुडघा, घोटा, मनगट, मान यांवर फ्रेमची कड आली की माणूस तोडल्यासारखा दिसतो. सांध्याच्या थोडं वर किंवा थोडं खाली कापा. डोक्यावर जागा किती? मोबाईलवाले नवखे हटकून चेहरा फ्रेमच्या बरोबर मध्ये ठेवतात आणि वर अर्धा हात आकाश सोडतात. डोळे वरच्या एक तृतीयांश रेषेच्या आसपास आणा, डोक्यावरची जागा आपोआप जागेवर येते. आणि माणूस ज्या दिशेला बघतोय तिकडे थोडी जास्त जागा सोडा.

एक्स्ट्रीम क्लोज-अप कधी?

क्वचित. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो लेन्स लावून चंद्रमोहन या नटानं साकारलेल्या राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखवला होता, त्याची चर्चा आजही होते. त्या डोळ्यात धमकी होती आणि प्रेक्षकाला तिच्यापासून सुटका नव्हती. आपल्या सीनमध्ये नातीच्या डोळ्याचा असा शॉट लावलात तर बंगळुरूला नोकरीऐवजी खून करायला निघालीय असं वाटेल. त्यापेक्षा आजोबांच्या हातातल्या शेंगदाण्याच्या पुडीवर जा. बातमी ऐकताच पुडी उघडणारी बोटं थांबतात. वस्तूच्या किंवा हाताच्या अशा शॉटला इन्सर्ट म्हणतात, आणि तो कधीच फुकट जात नाही.

सेटवर 'सजेशन' म्हणतात ते काय?

ओव्हर द शोल्डर. एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा चेहरा. मुंबई-ठाण्याच्या सेटवर त्याला सजेशनच म्हणतात, कारण पुढच्या माणसाचा फक्त खांदा आणि कानाची कड सुचवलेली असते. दोघं एकाच जागेत आहेत, एकमेकांचं ऐकताहेत, हे तो सांगतो. स्वच्छ क्लोजवर, म्हणजे फ्रेममध्ये एकच चेहरा, गेलात की ती जोडणी सुटते. म्हणून नात बोलेपर्यंत सजेशन ठेवा आणि "नोकरी लागली" या वाक्यानंतर आजोबांच्या स्वच्छ क्लोजवर जा. प्रेक्षकाला कुणी काही न सांगताही म्हातारा एकटा पडल्याचं जाणवेल.

इमॅजिनरी लाइन म्हणजे काय? ती ओलांडली तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर फळ्यावर कधीच नीट कळत नाही. बाकावर दोन माणसं उभी-आडवी करून दाखवावं लागतं.

आजोबा आणि नात यांच्या नजरा जोडणारी एक रेघ मनात ओढा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला, म्हणजे १८० अंशांच्या अर्धवर्तुळात ठेवायचा. मग आजोबा कायम फ्रेमच्या डावीकडून उजवीकडे बघतील, नात उजवीकडून डावीकडे. क्लोज वेगवेगळे घेतले तरी प्रेक्षकाच्या डोक्यात दोघं समोरासमोर राहतात. आता एक क्लोज रेघेच्या पलीकडून घेतलात, तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतील. जणू शेजारी बसून तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत. सेटवर याला 'लुक चुकला' म्हणतात.

माझा लुक चुकला तो एका मालिकेच्या जेवणाच्या टेबलावर. सात माणसं, दोन सुना, रात्रीचे अकरा वाजलेले. शेवटचा क्लोज घाईत मी टेबलाच्या भलत्या बाजूनं लावला आणि डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, पॅकअपच्या तयारीत असल्यानं त्यांच्याही लक्षात आलं नाही. एडिटला गेल्यावर सासूचा टोमणा धाकट्या सुनेऐवजी थोरलीला बसत होता. चॅनेलला तो एपिसोड तसाच गेला. थोरली सून साकारणाऱ्या ताई पुढचे कित्येक दिवस मला विचारत होत्या, "दादा, आज टोमणा कुणाला?"

हालचालीलाही हाच नियम आहे. समजा नात ठाण्याहून लोकलनं निघाली आणि पहिल्या शॉटमध्ये गाडी डावीकडून उजवीकडे गेली. पुढचा शॉट तुम्ही रुळांच्या दुसऱ्या बाजूनं घेतलात, तर तीच गाडी उजवीकडून डावीकडे जाईल. प्रेक्षक म्हणेल, ही परत का आली?

लाइन ओलांडायचीच नाही असं नाही. कट न करता कॅमेराच सावकाश पलीकडे न्या. किंवा पात्राला उठून पलीकडे चालू द्या, रेघ त्याच्याबरोबर सरकते. किंवा मध्ये बरोबर रेघेवरचा एखादा शॉट टाका. होडीचा, कबुतरांचा कटअवे, म्हणजे मधेच दुसरंच काही दाखवणारा शॉट, टाकूनही भागतं. ओलांडल्याचं प्रेक्षकाला कळलं पाहिजे किंवा अजिबात कळता कामा नये. अधलंमधलं चालत नाही.

जाता जाता: एकाच माणसाचे दोन लागोपाठचे शॉट असतील तर मध्ये कॅमेरा किमान ३० अंश सरकवा किंवा आकार तरी ठसठशीत बदला. नाहीतर फिल्मचा तुकडा गळून पडल्यासारखा झटका बसतो.

लो अँगल (कॅमेरा खालून वर बघतो) म्हणजे पात्र ताकदवान, हाय अँगल (वरून खाली) म्हणजे दुबळं, हे बरोबर ना?

परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. शूटिंगला जाताना घरी ठेवून या.

दहीहंडी आठवा. २०१२ साली ठाण्यातच जय जवान गोविंदा पथकानं नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला. असे थर खालून, माणसाच्या पायाजवळून बघितले की उंची कळते आणि छातीत धस्स होतं. पण सर्वात खालच्या थरातल्या माणसाचा चेहरा खालूनच टिपलात तरी तो काही राजा दिसत नाही. मानेच्या शिरा ताणलेल्या, डोक्यावर आठ थरांचं वजन. लो अँगलच, पण त्यात ओझं दिसतं. हेच थर गच्चीवरून सरळ खाली बघत टॉप शॉटमध्ये घ्या: माणसं दिसेनाशी होतात, उरते फक्त रांगोळीसारखी वर्तुळं. तेव्हा अँगल एकटा काही सांगत नाही. कोण, कुणाला, कुठून बघतंय यावर सगळं अवलंबून.

आमच्या सीनमध्ये नात उभी आणि आजोबा बसलेले असतील, तर तिच्या डोळ्यांतून आजोबा हाय अँगलमध्येच दिसणार. ती बाकावर बसली की दोघं आय लेव्हलला येतात. आधी उभ्यानं बोलू द्यायचं आणि कबुलीच्या वाक्याला बसवायचं, हा निर्णय अँगलचाच आहे, जरी कॅमेऱ्याला कुणी हात लावला नसला तरी.

लहान मुलांना मात्र मोठ्यांच्या उंचीवरून शूट करण्याची सवय सोडा. गुडघ्यावर बसा. मोबाईलवाल्यांसाठी एक युक्ती: अगदी जमिनीलगतचा लो अँगल हवा असेल तर फोन उलटा धरा. लेन्स वरच्या कडेला असते, ती खाली जमिनीजवळ येते.

डच अँगल?

कॅमेरा बाजूला कलता ठेवायचा. नावातला 'डच' हा 'डॉइच'चा, म्हणजे जर्मनचा अपभ्रंश. काहीतरी बिनसलंय हे सांगायला चांगला. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी कलती दाखवतात तेव्हा नेमकं काय बिनसलंय, हे मला आजवर समजलेलं नाही.

पॅन, टिल्ट, ट्रॉली यांत गोंधळ होतो.

कॅमेरा जागेवरच राहून मान डावी-उजवीकडे वळवतो तो पॅन, मान वर-खाली करतो तो टिल्ट. कॅमेरा स्वतःच जागा सोडून सरकतो ती ट्रॉली किंवा ट्रॅक. वर-खाली किंवा हवेतून झोका घेत जातो तो जिब किंवा क्रेन. मालिकांत जिमी जिब असतो, मोठी क्रेन क्वचित.

पॅन फार वेगात करू नका. सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमवर शूट करताना एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला साधारण ७ सेकंद लागावेत, असा जुना ठोकताळा आहे. त्यापेक्षा वेगात गेलं की मागच्या इमारती थरथरत पुढे सरकतात. एखाद्या धावत्या माणसाच्या मागे पॅन करत असाल तर हे बंधन सैल होतं, कारण डोळा माणसावर असतो.

पॅन जिथे संपणार तिथे पाय रोवून उभे राहा, मग कंबर वळवून सुरुवातीच्या जागी या. शॉट संपताना तुम्ही आरामात असाल. उलटं केलंत तर शेवटी पिळा बसतो आणि फ्रेम डुगडुगते.

झूम आणि ट्रॉली एकच ना? दोन्हीत माणूस मोठा होतो.

माणूस दोन्हीत मोठा होतो, मागचं जग मात्र वेगळं वागतं. हे स्वतः करून बघा. कुणालातरी गडकरी रंगायतनकडे पाठ करून उभं करा. आधी अगदी जवळ जाऊन मोबाईलच्या साध्या, म्हणजे १एक्स लेन्सनं त्याचा मिड घ्या: इमारत मागे लहानशी, दूर गेलेली. आता बरेच मागे या, ३एक्स लेन्स लावा, आणि माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवा. इमारत त्याच्या खांद्यावर येऊन बसते. माणूस तेवढाच, मागची इमारत बदलली. हे लेन्समुळे घडत नाही, तुम्ही उभी राहण्याची जागा बदलल्यामुळे घडतं. लेन्स फक्त फ्रेम कापते.

झूममध्ये तुमची जागा तीच राहते, म्हणून मागचं आणि पुढचं एकाच प्रमाणात फुगतं. ट्रॉलीत तुम्ही खरोखर जवळ जाता, म्हणून जवळच्या वस्तू भराभर मोठ्या होतात आणि लांबच्या रेंगाळतात. या दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध एकाच वेळी केल्या, म्हणजे ट्रॉली मागे आणि झूम आत, तर माणूस तेवढाच राहून मागची जमीन ताणली किंवा आकसली जाते. १९५८ च्या 'व्हर्टिगो' सिनेमातला जिन्याचा शॉट यामुळे गाजला. ही करामत सेकंड युनिटचे कॅमेरामन इर्मिन रॉबर्ट्स यांची.

मालिकांत धक्का बसला की तीनदा झूम, तेही 'ढँण्' च्या तालावर. मी स्वतः ते शेकडो वेळा केलंय, त्यामुळे हसायचा अधिकार मला जरा कमीच.

कॅमेरा हलवायलाच हवा का? स्थिर शॉट कंटाळवाणा वाटतो.

७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचे फिल्मचे छोटे तुकडे पहिल्यांदा दाखवले गेले, त्यांत स्टेशनात येणारी गाडी होती. ठाणेकरांना आगगाडीचं काय कौतुक. १६ एप्रिल १८५३ लाच बोरीबंदरहून पहिली गाडी इथे येऊन पोचली होती. पण तो शॉट बघा. कॅमेरा एका जागी खिळलेला, फलाटाच्या कडेला तिरका. गाडी लांबून ठिपक्यासारखी येते आणि लेन्सच्या शेजारून निघून जाते. उतरणारी माणसं कॅमेऱ्यापर्यंत चालत येतात. लाँग, मिड आणि क्लोज एकाच स्थिर शॉटमध्ये झाले, कारण हालचाल लांबून कॅमेऱ्याच्या दिशेनं होती. गाडी समोरून आडवी गेली असती तर नुसते डबे मोजत बसावं लागलं असतं.

तेव्हा आधी माणसं हलवून बघा. नातीला लांबून, काठाकाठानं कॅमेऱ्याकडे चालत आणा. तरीही शॉट मेलेला वाटला, तर मग कॅमेरा हलवा.

ट्रॉली परवडत नाही. काय करू?

सोसायटीत कुणाकडे तरी व्हीलचेअर असतेच, तिच्यात कॅमेरावाल्याला बसवा आणि गुळगुळीत फरशीवर ढकला. चाकांतली थोडी हवा कमी केली तर धक्के कमी बसतात. टेबलावरच्या शॉटसाठी टॉवेल पसरा, त्यावर फोन टेकवून ठेवा आणि टॉवेल ओढा. मॉलमधली सामानाची ट्रॉली वापरू नका, तिचा खडखडाट चित्रातसुद्धा दिसतो.

आणि तलावपाळीवर होडी आहेच. कॅमेरा वाहनावर ठेवून घेतलेला जो शॉट सगळ्यात जुन्यांपैकी समजला जातो, तो ल्युमिएरचे कॅमेरामन प्रोमिओ यांनी १८९६ साली व्हेनिसमध्ये बोटीत बसूनच घेतला होता. आपल्याकडे वल्ह्याच्या होडीत प्रत्येक वल्ह्याबरोबर फ्रेम हिसका खाते. होडीवाल्या काकांना आधी वेग घ्यायला सांगा, मग वल्ही उचलून होडी नुसती तरंगू द्या. आठ-दहा सेकंद लोण्यासारखा शॉट मिळतो. बाकावरचे आजोबा काठाबरोबर हळूहळू मागे सरकत जातात, आणि तुमच्या सीनचा शेवट म्हणून तो वाईट नाही.

गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा) घेतला, तरी चालताना चित्र हिंदकळतं.

गिंबलच्या मोटरी कॅमेऱ्याचं वळणं आणि कलणं थोपवतात. तुमचं शरीर पावलागणिक वर-खाली होतं, ते त्यांना थोपवता येत नाही. गुडघे थोडे वाकवा, टाच आधी टेकून पाऊल घरंगळवा, कोपरं शरीराजवळ ठेवा. १९७० च्या दशकात गॅरेट ब्राउन यांनी बनवलेल्या स्टेडिकॅममध्ये स्प्रिंगचा हात असतो, तो वरखालीचा धक्का गिळतो. म्हणूनच तो इतका महाग आणि पाठदुखी देणारा.

काही वेळा हिंदकळणंच हवं असतं. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवरच्या गर्दीत शिरलात तर कॅमेरा हातातच बरा. तिथे गिंबलची सफाई खोटी दिसते.

ड्रोननं तलावाचा टॉप शॉट घेऊ का?

परवानगीशिवाय नको. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला काही सवलती आहेत, पण झोनचे नियम सगळ्यांनाच लागू. उडवायच्या आधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघा. येऊरच्या जंगलात वनखात्याचीही परवानगी लागते. रेल्वेच्या हद्दीत साध्या कॅमेऱ्यालासुद्धा रेल्वेची.

शॉट कोणत्या क्रमानं घ्यायचे?

आधी मास्टर, म्हणजे अख्खा सीन लांबून, सलग. मग सजेशन, मग क्लोज, शेवटी इन्सर्ट. एका बाजूचे सगळे शॉट संपवून मगच कॅमेरा फिरवा, नाहीतर लाइट दादा प्रत्येक शॉटला दिवे उचलतील आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्याशी बोलणार नाहीत. संध्याकाळी बाहेर शूट असेल तर क्रम उलटा करा: चेहऱ्यांचे शॉट उजेड असतानाच उरका. लाँगमध्ये काळोख चालतो, पाण्यावर दिवे लागलेले उलट छान दिसतात.

घरात शूट केलं की ट्यूबलाइट लुकलुकते.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड सारखाच मिळतो. फोनमध्ये हे हातानं ठरवता येणारं ॲप असतं.

तलावपाळीवर शूट करताना लोक कॅमेऱ्यात बघतात. कसं टाळायचं?

ओरडू नका, ओरडलात की आणखी चार जण थांबतात. कॅमेरा लावा, कलाकारांना बाकावर बसवा, आणि दहा मिनिटं काहीच करू नका. बघ्यांना कंटाळा येतो. मग हातानं खूण करून रोल करा, 'ॲक्शन' म्हणूच नका. आम्ही परवा तेच केलं. नात म्हणाली, "मला बंगळुरूला नोकरी लागली." आजोबांची बोटं थांबली. इतक्यात मागच्या बाकावरच्या अनोळखी काकू पुढे वाकून म्हणाल्या, "अगं, अभिनंदन! पण राहणार कुठे?" टेक दुसरा घ्यावा लागला. पहिला मी जपून ठेवलाय.